मिक्लोश रोझा : दोन घरांचा संगीतकार

‘बेन-हर’ (१९५९) या चित्रपटातील रथांची शर्यत ज्यांनी पाहिली, त्यांना तिचा विसर पडत नाही. मात्र त्या शर्यतीला पार्श्वसंगीतच नाही, हे थोड्यांच्याच ध्यानी येते. आधीच्या संचलनाला तुताऱ्यांची ललकारी आहे. रथ सुटले की उरतात टापा, चाके आणि गर्दीचा गलबला. कोठे गप्प राहावे हे जाणणाऱ्या या संगीताच्या कर्त्याची ओळख करून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

मिक्लोश रोझा यांचा जन्म बुडापेस्ट येथे १९०७ साली झाला. वडिलांची शेतीवाडी उत्तर हंगेरीत, पालोत्स लोकांच्या मुलखात होती. तेथील शेतकऱ्यांची गाणी या मुलाच्या कानांत मुरली. बार्टोक व कोडाय यांच्यासारखे ते संशोधक नव्हते. गाणे आवडले की टिपून घ्यावे, एवढाच त्यांचा खटाटोप. पुढे लाइपझिगला रीतसर शिक्षण झाले, तरी ती वळणे सुटली नाहीत.

१९३३ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी वाद्यवृंदासाठी एक मूळ सुरावट, तिची रूपांतरे आणि समारोप अशी रचना केली. दहा वर्षांनी, १९४३ च्या नोव्हेंबरात, आजारी ब्रूनो वॉल्टर यांच्या जागी तरुण लेनर्ड बर्नस्टाइन न्यूयॉर्कला ऐनवेळी उभे राहिले, त्या गाजलेल्या मैफलीतही ती होती. पण कीर्तीवर घरभाडे भागत नाही. पॅरिसमध्ये त्यांनी ज्येष्ठ संगीतकार ऑनेगेर यांना विचारले, आपला चरितार्थ कसा चालतो? उत्तर मिळाले, चित्रपटांवर. १९३७ साली लंडनमध्ये रोझाही त्या वाटेला लागले. ‘थीफ ऑफ बगदाद’ (१९४०) आणि ‘जंगल बुक’ (१९४२) हे त्यांचे चित्रपट. दोहोंत आपल्या म्हैसूरचा साबू आहे.

आपल्या आत्मचरित्राला रोझा यांनी ‘डबल लाइफ’ म्हणजे दुहेरी आयुष्य असे नाव दिले. एक घर चित्रपटांचे, दुसरे मैफलीचे. मधली भिंत त्यांनी कसोशीने राखली. ही भिंत आम्हांला तितकीशी खरी वाटत नाही. हायफेट्झ यांनी १९५६ साली प्रथम वाजविलेला त्यांचा व्हायोलिन कॉन्चेर्टो पुढे १९७० च्या शेरलॉक होम्सवरील चित्रपटात वापरला गेला, आणि तेथे तो परका वाटत नाही. दोन्ही घरांत पालोत्स मुलखाचीच माती आहे. मात्र चित्रपटाने त्यांच्याकडून काही हिरावूनही घेतले. १९३३ च्या रचनेत एकच सुरावट निवांतपणे निरनिराळे वेष घेते. पडद्यावर ती फुलू लागते न लागते तोच दृश्य संपते. तीन ऑस्कर पारितोषिकांनी ही उणीव भरून निघत नाही.

तरी ‘बेन-हर’मध्ये या मर्यादेचेच सामर्थ्य झाले आहे. तेथे प्रभू येशूचा चेहरा दिसत नाही, वाणीही ऐकू येत नाही. त्याचे सान्निध्य सुरांनीच सांगायचे आहे. गोठ्यातील प्रसंगासाठी दिग्दर्शक वायलर यांनी ‘आदेस्ते फिदेलेस’ हे नाताळगीत सुचविले होते. रोझा यांनी नकार देऊन स्वतःची साधी सुरावट बांधली. ओळखीच्या गीताने प्रेक्षकांचे डोळे सहज पाणावले असते. तो सोपा मार्ग त्यांनी टाळला, याचे मोल आम्ही मोठे मानतो.

१९८२ साली पक्षाघाताचा झटका आला आणि चित्रपट सुटले. त्यानंतर, १९९५ मध्ये मृत्यू येईपर्यंतच्या काळात, शेकडो वाद्यांना हाताळणारा हा माणूस बासरी, व्हायोलिन, गिटार अशा एकेकट्या वाद्यासाठी लिहू लागला. ज्यांना केवळ ‘बेन-हर’च ठाऊक आहे, त्यांनी यांतले बासरीचे सोनाटा अवश्य ऐकावे.