हिमातील रणगाडे : लघुप्रतिकृतिकलेची सद्यःस्थिती

युद्धवाहनांच्या लघुप्रतिकृती घडविण्याची कला आपल्याकडील रसिकांच्या विचारात अद्याप फारशी आलेली नसली, तरी गेल्या साठ वर्षांत जपान, युरोप आणि अमेरिका येथे तिने साधनांचा, तंत्रांचा आणि जाणत्या प्रेक्षकांचा जो सरंजाम उभा केला आहे, तो पाहता कलेला लावावयाचे निकष तिला लावण्याची वेळ आता आली आहे. ते निकष कोणत्या विषयावर लावावेत असा प्रश्न निघाला, तर मी निःशंकपणे हिवाळ्यातील रणगाड्याचे नाव घेईन. कारण करड्या किंवा हिरव्या रंगावर धूळ आणि चिखल यांच्या आडोशाने कारागिराचे पुष्कळ अज्ञान खपून जाते, परंतु पांढऱ्या लेपावरील प्रत्येक ओघळ, प्रत्येक ओरखडा आणि काजळीचा प्रत्येक डाग आपल्या उत्पत्तीची कैफियत मागतो.

या कलेचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी पँथर रणगाड्याचा प्लॅस्टिकचा संच काढला, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात या हिशेबाने त्याचे आकारमान ठरले, आणि त्यातून निघालेले १:३५ हे प्रमाण पुढे जगभर रूढ झाले. बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांनी पातळ गडद रंग खाचांत उतरविण्याची आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवटे उजळण्याची रीत लोकप्रिय केली; अमेरिकेतील शेपर्ड पेन यांनी प्रतिकृतीभोवती माणसे आणि प्रसंग रचून तिला कथेची योग्यता मिळवून दिली; आणि नव्या शतकात स्पेनमधील मिग हिमेनेस प्रभृतींनी छाया-प्रकाशाचा चढउतार मूळ रंगलेपातच योजून, रंगभुकट्या आणि तैलरंग यांच्या साहाय्याने, प्रतिकृतीच्या पृष्ठभागाला चित्रकलेच्या जवळ नेले. हस्तकौशल्याच्या दृष्टीने पाहता आजचा कारागीर आपल्या सर्व पूर्वसूरींच्या पुढे गेला आहे, हे मोकळ्या मनाने मान्य केलेच पाहिजे.

परंतु हिवाळ्यातील रणगाडा केवळ हस्तकौशल्याने साधत नाही. १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोच्या वेशीवर अडलेल्या जर्मन फौजेची वाहने गडद करड्या रंगाची होती, आणि हिमावर ती कोसभर अंतरावरून दिसत. म्हणून चुना, खडू किंवा हाती लागेल तो पांढरा रंग पाण्यात कालवून, कुंचल्याने, झाडूने, प्रसंगी चिंध्यांनी तो त्यांना फासण्यात आला. हा लेप मुळातच तात्पुरता होता, वसंतात धुऊन निघावा अशीच त्याची तजवीज होती. तो फासणारे हात थंडीने बधिर झालेले असत. त्यामुळे बुरुजावरील क्रमांक आणि क्रूसचिन्ह यांच्याभोवती ओबडधोबड चौकट सोडून उरलेला भाग घाईने भरलेला असे, आणि अवजारांच्या मागची, सहज न पोहोचणारी जागा तशीच करडी राही. पुढे सैनिकांच्या चढण्याउतरण्याने झाकणांच्या कडा आणि पायऱ्यांच्या जागा झिजत, धुराड्याजवळचा भाग काळवंडे, आणि मार्च १९४३ मध्ये खारकोव्हच्या परिसरात बर्फ वितळू लागले तेव्हा अशाच पांढऱ्या लेपावर खालून चिखल चढू लागला. डिसेंबरातला मॉस्कोजवळचा रणगाडा, मार्चातला खारकोव्हचा रणगाडा आणि जानेवारी १९४५ मध्ये आर्देनच्या अरण्यात चुना फासलेला अमेरिकन शेर्मन हे तीन भिन्न विषय आहेत. त्यांचा तळचा रंग भिन्न, लेपाचे वय भिन्न, आणि त्यांवरचा मळही भिन्न.

आजच्या कारागिराजवळ हे सारे दाखविण्याची साधने आहेत. तळाचा रंग पक्का वाळल्यावर त्यावर केसांना लावावयाच्या स्प्रेचा पातळ थर द्यावा, त्यावर पाण्यात मिसळणारा पांढरा रंग फवारावा, आणि मग ओलसर कुंचल्याने हलकेच घासावे, म्हणजे पाणी खालच्या थरास सैल करते आणि पांढरा रंग खऱ्या चुन्याप्रमाणे सुटून येतो. पद्धती अत्यंत सुंदर आहे, आणि तिचे सौंदर्यच तिच्या दुरुपयोगाचे कारण झाले आहे. सुटणारा रंग पाहण्याचा मोह अनावर होऊन हात सर्वत्र सारखाच फिरतो, आणि ज्या पत्र्यावर कोणाचा पाय पडणे शक्य नाही तोही झाकणाइतकाच झिजलेला दिसू लागतो. १:३५ या प्रमाणात एक मिलिमीटरचा टवका म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन सेंटिमीटरचा खळगा. असे शेकडो टवके अंगावर वागविणारी प्रतिकृती युद्धातून आलेली न वाटता देवीच्या रोगातून उठल्यासारखी वाटते.

हिमाच्या बाबतीत प्रमाणाचा हा विसर अधिक ठळकपणे जाणवतो. पूर्वी खाण्याचा सोडा गोंदात कालवून हिम करीत. तो काही वर्षांनी पिवळा पडतो असा अनेकांचा अनुभव असल्यामुळे आता काचेचे सूक्ष्म गोलक आणि संगमरवराची भुकटी वापरात आली आहे. जिन्नस सुधारला, पण दृष्टी तितकी सुधारली नाही. अर्ध्या मिलिमीटरचा कण प्रमाणात साडेसतरा मिलिमीटरांचा, म्हणजे खडीएवढा होतो, याचे भान ठेवून भुकटी चाळून घेणारे थोडेच. त्याहून मोठा दोष हा की हिम पिठीसाखरेप्रमाणे सर्वत्र समान भुरभुरविले जाते. चालत्या रणगाड्याच्या इंजिनावरील पत्रा तापतो आणि तेथील हिम वितळते. पट्ट्यांच्या कड्यांत ते दाबून घट्ट बसते. आणि जमिनीशी घासणारे पोलाद लखलखीत होते, त्यावर नारिंगी गंज चढविण्याचे कारण उरत नाही. या प्रत्येक गोष्टीमागे उष्णता, भार आणि घर्षण यांचा नियम आहे, आणि तो नियम ज्याने मनात वागविला त्याचा हात आपोआप संयमी होतो.

सद्यःस्थितीचा दुसरा दोष विषयांच्या निवडीत आहे. एकाच जर्मन सैन्याची, त्यातही त्याच्या अजस्र यंत्रांची, इतकी आवर्तने झाली आहेत की इतरांचे हिवाळे जणू घडलेच नाहीत. १ नोव्हेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याच्या सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीवरील झोजिला खिंडीत चढले. त्यांचा सुगावा लागू नये म्हणून बुरूज उतरवून, ताडपत्र्या घालून ते त्या भागात आणले होते. स्टुअर्टचे संच उपलब्ध असताना हा प्रसंग भारतीय कारागिरांच्या हातून व्हावा तितका होत नाही, याचा खेद वाटतो. आपल्या लोकांना तर खऱ्या रणगाड्याचे पोलाद, त्याची वेल्डिंगची शिवण आणि पट्ट्यांची झीज अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) रणगाडा संग्रहालयात प्रत्यक्ष न्याहाळता येते.

आणि अखेर माणसे. पेन यांच्या पिढीने रणगाड्याशेजारी माणूस उभा केला. आजच्या उत्कृष्ट कृतींत अनेकदा निर्मनुष्य यंत्र एकटेच असते, आणि पृष्ठभागाची किमया हाच त्यांचा संपूर्ण आशय होतो. चुन्याचा तो लेप ज्यांनी फासला, त्यांच्या जिवावर बेतलेली थंडी ज्या कृतीत जाणवत नाही, तिचे तंत्र कितीही निर्दोष असो, ती युद्धाविषयी काहीच सांगत नाही. म्हणून परीक्षकांनी यापुढे कृतीसमोर उभे राहून तीन गोष्टींचा खुलासा मागावा: हा लेप कोणी फासला, त्याला किती दिवस झाले, आणि त्या दिवसांत या वाहनावर काय गुजरले. ज्या कृतीतून या तिन्हींची उत्तरे मिळतात तिला अग्रमान द्यावा, मग तिच्यावर टवके थोडे असले तरी चालतील. साधनांच्या समृद्धीचा काळ या कलेने पाहिला आहे. विवेकाचा काळ आणणे हे आता तिच्या उपासकांचे कर्तव्य आहे, आणि ते पार पाडण्याचे सामर्थ्य त्यांच्या हातांत निश्चित आहे.