लेबल कापलेले पक्षी

जून २००९. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये फ्लूट शिकणारा एडविन रिस्ट हा वीस वर्षांचा अमेरिकन मुलगा एका रात्री ट्रेन पकडून ट्रिंग या लहानशा गावी गेला. ब्रिटनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमचा पक्षिसंग्रह तिथे आहे. खिडकी फोडून तो आत शिरला आणि कापूस भरून जतन केलेले २९९ पक्षी सूटकेसमध्ये घालून घेऊन गेला. फुटलेली खिडकी लगेच दिसली, पण नेमकं काय गेलंय हे कळायला म्युझियमला महिनाभर लागला.

त्याला हे पक्षी हवे होते ते मासे पकडायच्या गळावर पिसं बांधण्यासाठी!

कर्क वॉलेस जॉन्सन यांचं ‘द फेदर थीफ’ (२०१८) हे या चोरीवरचं पुस्तक. ते थरारकथेच्या वेगानं वाचून होतं आणि बहुतेकांनी ते तसंच वाचलंय. माझ्या मते त्यात एक जास्त मोठा प्रश्न आहे: एखाद्या कारागिरीचा तिच्या कामाशी असलेला संबंध तुटला, की तिचं काय होतं? हा प्रश्न पुस्तक फार चांगला उभा करतं. पण मग मधेच त्याचा हात सोडून देतं.

आधी थोडं गळाबद्दल. आपल्याकडे गळाला गांडूळ लावतात किंवा कणकेची गोळी. फ्लाय फिशिंगमध्ये गळावर दोरा, लोकर आणि पिसं गुंडाळून खोटा किडा बनवतात. त्याला वजन जवळपास नसतंच, म्हणून तो लांब फेकता येत नाही. वजन असतं दोरीला. काठीच्या झोक्यानं दोरी हवेत मागे जाते, उलगडते, मग पुढे येते आणि तिच्या टोकाचा किडा अलगद पाण्यावर उतरतो. स्कॉटलंडमधल्या स्पे नदीच्या काठी झाडं आणि उंच दरडी असल्यामुळे दोरी मागे फेकायला जागाच नसते. तिथल्या लोकांनी लांब, दोन हातांनी धरायची काठी घेतली, दोरी समोरच्या पाण्यावरच टेकवून तिचा झोल केला आणि तिथूनच ती पुढे झुगारली. याला स्पे कास्टिंग म्हणतात. नदीनं अडवलं आणि त्या अडवण्यातून तंत्र घडलं.

ट्राउट हा मासा नदीत खातो-पितो, त्यामुळे तो चोखंदळ असतो. खोटा किडा पटला नाही तर बघून निघून जातो. इंग्लंडमधल्या एव्हन नदीची राखण करणाऱ्या फ्रँक सॉयर यांनी ट्राउटसाठी बनवलेला ‘फेझंट टेल निम्फ’ बघा. फेझंटच्या शेपटीचे काही तंतू आणि तांब्याची बारीक तार, बस्स. दोरासुद्धा नाही. पण पाण्यात तो जलकीटकाच्या अळीसारखा दिसतो, आणि ट्राउटला पटतो. अटलांटिक सॅमनचं गणित वेगळं. अंडी घालायला समुद्रातून नदीत परतलेला सॅमन खाणंच थांबवतो. तरी तो गळावर का झडप घालतो, याचं पक्कं उत्तर कुणाकडे नाही. म्हणजे ट्राउटची फ्लाय रोज परीक्षा देते, आणि सॅमनच्या फ्लायला परीक्षकच नाही!

ही मोकळी जागा व्हिक्टोरियन श्रीमंतांनी भरून काढली. साम्राज्याच्या बोटींतून जगभरची पिसं येत होती. जॉर्ज केल्सन यांच्या ‘द सॅमन फ्लाय’ (१८९५) या ग्रंथात या फ्लायच्या पाककृती अगदी विज्ञानाच्या थाटात मांडल्या आहेत. ‘जॉक स्कॉट’ ही त्यातली प्रसिद्ध फ्लाय. तिच्यात टूकन, मकाव, मोर, माळढोक कुळातला बस्टर्ड आणि आपल्या तणमोराच्या जातभाईचं फ्लोरिकन अशा कितीतरी पक्ष्यांची पिसं लागतात. सॅमनला यातल्या एकाचीही गरज नसते. स्पेच्या काठावरच्या जुन्या फ्लाय मात्र तपकिरी, मळकट, गावठी कोंबड्याच्या लांब पिसांच्या. मासे त्यांच्यावरही येत. आज केल्सनच्या पाककृतींप्रमाणे फ्लाय बांधणाऱ्या हौशी मंडळींत असे पुष्कळ आहेत, ज्यांनी ती फ्लाय कधी पाण्यात टाकलेली नाही. रिस्टला तर मासेमारी येतच नव्हती.

पुस्तकाचं खरं बळ पहिल्या भागात आहे. जॉन्सन चोरापासून सुरुवात करून आपल्याला आल्फ्रेड रसेल वॉलेसपर्यंत मागे नेतात. १८५२ मध्ये ॲमेझॉनहून परतताना वॉलेसचं जहाज जळालं आणि जवळपास सगळा संग्रह समुद्रात गेला. तरी हा माणूस १८५४ मध्ये पुन्हा निघाला आणि मलय द्वीपसमूहात आठ वर्षं फिरला. नमुना कुठे आणि कधी मिळाला, याची नोंद ठेवण्याबाबत तो काटेकोर होता. नैसर्गिक निवडीचा विचार त्याला डार्विनहून स्वतंत्रपणे सुचला. त्यामागे याच नोंदी होत्या: कोणता पक्षी कोणत्या बेटावर आहे आणि शेजारच्या बेटावर नाही. खुद्द डार्विननं गॅलापागोसच्या फिंच पक्ष्यांवर बेटांची नावं नीट लिहिली नव्हती, आणि ते कोडं नंतर दुसऱ्यांच्या नमुन्यांवरून सोडवावं लागलं.

पक्ष्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी म्हणजे त्याचा पत्ता. ती असेल तर तो पक्षी दीडशे वर्षांनंतरही प्रश्नांची उत्तरं देतो. डीडीटीमुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होत आहेत, हे १९६० च्या दशकात कळलं ते संग्रहांतली जुनी अंडी तपासल्यामुळे. ती अंडी गोळा करणाऱ्यांनी डीडीटीचं नावही ऐकलं नव्हतं. रिस्टनं चोरलेल्या पक्ष्यांमध्ये वॉलेसनं जमवलेले पक्षीही होते. त्यानं कित्येकांच्या चिठ्ठ्या कापून टाकल्या आणि पिसं सुटी करून इंटरनेटवर विकली.

इथे पुस्तक वाचकाला खरोखर अस्वस्थ करतं, कारण पिसं तितकीच सुंदर राहतात. विकत घेणाऱ्याला काहीच हरवल्यासारखं वाटत नाही. या धंद्यातली नावंसुद्धा पत्ता पुसून टाकणारी आहेत. ‘इंडियन क्रो’ म्हणून महागात विकलं जाणारं केशरी-लाल पीस दक्षिण अमेरिकेतल्या पक्ष्याचं आहे. त्याचा भारताशी संबंध नाही, कावळ्याशीही नाही.

माझी तक्रार तिसऱ्या भागाबद्दल आहे. रिस्टला २०११ मध्ये बारा महिन्यांची शिक्षा झाली, तीही स्थगित. त्याला अ‍ॅस्पर्जर असल्याचं निदान कोर्टानं मानलं आणि एक लाख पंचवीस हजार पौंडांच्या जप्तीचा आदेश दिला. जॉन्सनना हे पचत नाही. ते स्वतः गुप्तहेर होतात. जर्मनीत जाऊन रिस्टची मुलाखत घेतात, हरवलेल्या पिसांचा माग काढत नॉर्वे गाठतात. पानं भराभर उलटतात, पण प्रश्न लहान होत जातो: हा मुलगा खरंच आजारी होता की नाटक करत होता? कुणी कुणाला फसवलं? गुन्हेगार सापडला, की बाकीच्यांना सुटल्यासारखं वाटतं. पण परीक्षक नसलेल्या कलेत दुर्मीळतेलाच दर्जा मानणारा एक मोठा गट होता, तो आधीपासून होता आणि अजूनही आहे. एका मुलाच्या निदानातून त्याचं स्पष्टीकरण मिळत नाही.

दुसरी उणीव मला जास्त खटकली. जॉन्सन स्वतः ट्राउट पकडणारे. न्यू मेक्सिकोतल्या नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभे असताना वाटाड्यानं त्यांना ही चोरी सांगितली, तिथून पुस्तक सुरू होतं. पण ती नदी पुढे फारशी परत येत नाही. फेझंटचे चार तंतू आणि तार यांत भागवणारी, पाण्याला उत्तर द्यावं लागणारी कारागिरी पुस्तकात जवळजवळ नाहीच. त्यामुळे ज्याला हा छंद माहीत नाही, तो वाचक पिसं बांधणं म्हणजेच वेड असं समजून बसतो. सॉयर आणि केल्सन समोरासमोर आले असते, तर वेड कुठे सुरू होतं ते अचूक दिसलं असतं.

मराठी वाचकाला ही गोष्ट दूरची वाटेल, पण तशी ती नाही. सह्याद्रीत पहाटे आरवणारा राखाडी रानकोंबडा तुम्ही ऐकला असेल. त्याच्या मानेवरच्या पिसांना मेणाचा थेंब गोठल्यासारखे चकचकीत ठिपके असतात. सॅमनच्या कितीतरी फ्लायवर डोळा म्हणून हेच पीस बसवतात. धंद्यातलं नाव ‘जंगल कॉक’. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण दिलं. परदेशातले शौकीन आता पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांवर भागवतात. पाकिटातल्या त्या पिसावर ना जंगल उरतं, ना आरवणं.

पुस्तक जरूर वाचा. सुंदर वस्तू जवळ असावी असं ज्यांना वाटतं, म्हणजे आपण सगळेच, त्यांनी तर नक्की. आणि त्यातले दोन आकडे लक्षात ठेवा. रिस्टला पकडलं तेव्हा १७४ पक्षी अखंड सापडले. त्यांतल्या फक्त १०२ पक्ष्यांच्या पायांना चिठ्ठ्या होत्या. उरलेले ७२ पक्षीही म्युझियमला परत मिळाले, पंख आणि रंग शाबूत. ते कुठल्या जंगलातले होते, हे सांगणारं मात्र त्यांच्या पायाला काही उरलेलं नव्हतं.