फोटो सुधारून मिळतील

कॅमेरा विकत घेताना माणसाचा खिसा एकदाच मोकळा होतो. त्या कॅमेऱ्यानं काढलेले फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर मात्र दूधवाल्याच्या बिलासारखं दर महिन्याला दारात उभं राहतं. त्यामुळे कॅमेऱ्यापेक्षा सॉफ्टवेअर निवडणं हे अधिक जोखमीचं काम आहे, आणि ते नेमकं हौशी छायाचित्रकाराच्या गळ्यात पडतं. हौशी छायाचित्रकार म्हणजे ज्याला फोटो काढल्याबद्दल कुणी छदाम देत नाही, पण फोटो काढणं थांबवावं म्हणून पैसे द्यायला सगळं घर एका पायावर तयार असतं, असा गृहस्थ. मी या पंथातला जुना वारकरी आहे.

फोटो ‘सुधारणं’ ही भानगड संगणकानं आणली असं पुष्कळांना वाटतं. तसं काही नाही. पूर्वी स्टुडिओवाले नेगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिल चालवून गालांवरचे वण बुजवत. मग काळ्यापांढऱ्या फोटोत हातानं रंग भरत, आणि सगळ्यांचे गाल एकाच गुलाबी कुपीतून निघत असल्यामुळे नवरी, नवरदेव आणि नवरदेवाचे थोरले मामा असे तिघेही सारखेच लाजलेले दिसत. विलायतेत हेन्री पीच रॉबिन्सन नावाच्या गृहस्थानं 1858 साली पाच निरनिराळ्या नेगेटिव्ह जोडून मरणाच्या दारातल्या मुलीचा एक फोटो तयार केला होता. मुलगी अर्थातच धडधाकट होती. आणि 1982 च्या फेब्रुवारीत ‘नॅशनल जिओग्राफिक’नं मुखपृष्ठाच्या उभ्या चौकटीत मावावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकावर एकमेकांजवळ सरकवले. साडेचार हजार वर्षं जागचे न हललेले पिरॅमिड एका मासिकाच्या सोयीसाठी हलले! फोटोशॉप बाजारात यायला तेव्हा आठ वर्षं अवकाश होता.

तेव्हा प्रश्न सुधारावं की नाही हा नाही. कुणाकडून आणि किती, हा आहे. 

माझा भाचा म्हणाला, “मामा, तू सरळ फोटोशॉप घे. जगात सगळे तेच वापरतात.” जगात मालवाहू जहाजंही पुष्कळ वापरतात, म्हणून मंडईतून कोथिंबीर आणायला कुणी जहाज काढत नाही. मी ठरवलं, एकच फोटो घ्यायचा आणि ज्याची त्याची परीक्षा त्यावरच करायची. सोनाराच्या दुकानात कसोटीचा दगड एकच असतो.

तो फोटो माझ्या वाईच्या मावशीचा. माजघराच्या दारात बसून ती तांदूळ निवडते आहे, मागं परसातलं लख्ख ऊन, त्यामुळे चेहरा अंधारात. नाकाशेजारी तीळ, तांदळाच्या दाण्याएवढा. मावशी मागच्या वर्षी गेली. वर्षश्राद्धाला फ्रेम करायची म्हणून मावसभावाचा फोन आला, “दादा, तुझ्याकडचा तो सुपाचा फोटो दे. पण जरा नीट करून दे हं.” हे ‘नीट करून’ काय ते त्यानं सांगितलं नाही, आणि खरी अडचण तिथंच होती. कारण मावशीचा असा, तिला न सांगता टिपलेला, दुसरा फोटो नाही. बाकी सगळ्यांत ती फोटोसाठी बसलेली आहे, म्हणजे कुणीतरी दुसरीच आहे.

सुरुवात फोनात फुकट उतरवलेल्या एका ॲपनं केली. त्याचं नाव सांगत नाही. त्याची भावंडं पुष्कळ आहेत आणि सगळ्यांचं वळण एकच. एक बटण दाबलं. मावशीच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या, गालांवरचं जाळं गेलं, तीळ गेला. पंच्याऐंशी वर्षांत जे जमवलं होतं ते दीड सेकंदात साफ. शिवाय ‘नको असलेली वस्तू’ म्हणून त्यानं सुपाभोवती एक रेघ ओढून, काढून टाकू का, असं नम्रपणे विचारलं. मी ती प्रतिमा सौ.ला दाखवली. ती म्हणाली, “अहो, छान आहे. कोण या?” परीक्षण तिथंच संपलं.

आता फोटोशॉप. त्याच्याविषयी मला आदर आहे. 1987 च्या सुमारास थॉमस नोल हा मिशिगन विद्यापीठातला विद्यार्थी प्रबंध बाजूला ठेवून संगणकाच्या काळ्यापांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दाखवायच्या खटपटीला लागला. सिनेमाच्या करामतींच्या धंद्यात असलेला त्याचा भाऊ जॉन येऊन मिळाला. आमच्याकडे दोन भाऊ मिळून जे लिहितात ते बहुधा वाटणीपत्र असतं. या दोघांनी लिहिलेलं 1990 मध्ये अडोबीनं बाजारात आणलं. वडिलांची तळघरात डार्करूम होती, आणि ती डार्करूम त्या सॉफ्टवेअरमध्ये अजून मुक्कामाला आहे. त्यात ‘डॉज’ नावाचं हत्यार आहे. त्याचं चित्र म्हणजे काडीवर चकती. पोरांना ती गोळी वाटते. एन्लार्जरखाली कागदाच्या एखाद्या भागावर उजेड कमी पडावा म्हणून तारेला पुठ्ठ्याची चकती लावून जी फिरवत असत, ती ही. शेजारच्या ‘बर्न’चं चित्र म्हणजे ओंजळीसारखा वळवलेला हात, तोही त्याच अंधारातून आलेला. आणि फोटो धारदार करायचा असेल तर दाबायचं बटण कोणतं? तर ‘अनशार्प मास्क’! त्यालाही डार्करूममधला अर्थ आहे, पण तो ठाऊक नसलेल्याला वाटतं, दुकानाची पाटीच उलटी लावली आहे.

गुण मान्य. 1994 मध्ये त्यात थर आले, म्हणजे एका चित्रावर दुसरं पारदर्शक चित्र ठेवून काम करायची सोय. दहा माणसांच्या फोटोतला अकरावा जावई नंतर बसवायला याहून चांगलं साधन नाही. पण मावशीच्या फोटोत मला कुणाला बसवायचं नव्हतं, उठवायचंही नव्हतं. आणि दुसरी गोष्ट, 2012 च्या सीएस-6 नंतर ते कायमचं विकत मिळेनासं झालं. 2013 पासून भाड्यानंच. नखं कापायला ऑपरेशन थिएटर, तेही भाड्याचं.

‘गिम्प’ फुकट. बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं ते 1996 मध्ये लोकांपुढं आलं आणि तेव्हापासून हौशी मंडळीच ते सांभाळत आली आहेत. त्याची 2.0 आवृत्ती 2004 ची आणि 3.0 आवृत्ती 2025 ची. सरकारी पुलालासुद्धा एवढा वेळ लागला तर वर्तमानपत्रात पत्रं येतात. पण पूल झाला आहे चांगला: एकदा लावलेला फिल्टर नंतर उघडून बदलायची सोय त्यात या आवृत्तीत आली. मात्र कॅमेऱ्याची ‘रॉ’ फाइल ते स्वतः उघडत नाही; दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे चिठ्ठी देऊन पाठवतं.

ही रॉ फाइलच आमच्या गोष्टीत महत्त्वाची. नेहमीच्या जेपेगमध्ये अंधारापासून उजेडापर्यंत प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या असतात. चौदा बिटांच्या रॉमध्ये 16,384. सावलीतला चेहरा वर आणायचा तर जिना इतका दाट पायऱ्यांचा हवा, नाहीतर चेहऱ्याऐवजी चट्टेपट्टे वर येतात. मावशीचा फोटो सुदैवानं रॉमध्ये होता. अशा फाइलींचं काम करणारी जी मंडळी आहेत, लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी, त्यांची रीत मला सगळ्यांत पसंत पडली. ती मूळ फोटोला हातच लावत नाहीत. उजेड इतका वाढव, चौकट इतकी सरळ कर, अशा सूचनांची फक्त यादी करून ठेवतात. कापड न कापता अंगावर नुसत्या टाचण्या लावणारा शिंपी! दहा वर्षांनी टाचण्या काढा, कापड होतं तसं.

यादी ठेवायची कुठं, यावर मात्र त्यांच्यात मतभेद आहेत आणि गिऱ्हाइकानं पाहायचं ते नेमकं तिथं. 2007 मध्ये आलेलं लाइटरूम वापरायला सर्वांत सरळ, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. त्याची यादी त्याच्या स्वतःच्या खतावणीत असते. भाडं थांबलं तर लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो दिसतात, बाहेरही काढता येतात, पण सुधारण्याचं दालन बंद होतं. हे अन्यायाचं नाही. भाड्याच्या घराचा नियमच आहे. पण मावशीचा फोटो भाड्याच्या घरात ठेवायला माझं मन घेईना. फुकट असणं हीसुद्धा हमी नव्हे. गूगलचं पिकासा किती घरांत होतं! मूळ फोटो न बिघडवण्याचा शहाणपणा त्यातही होता. 2016 मध्ये त्याचं काम थांबलं. ॲफिनिटी एकरकमी पैसे घेणारं म्हणून नावाजलेलं. 2024 मध्ये ते कॅन्व्हाच्या घरात गेलं आणि 2025 मध्ये फुकट झालं. सून चांगली आहे, सासर नवीन आहे. पाहू.

मी डार्कटेबल घेतलं. 2009 पासूनचं, फुकट, आणि आपली यादी फोटोशेजारी एका लहानशा, कुणालाही उघडून वाचता येईल अशा फाइलीत ठेवणारं. त्यात प्रेमळपणा अजिबात नाही. डझनावारी दालनं, त्यांची नावं भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेतून घेतल्यासारखी, आणि एकच काम तीन दालनांत. पहिले चार दिवस मी त्यात मंगळागौरीच्या खेळात सापडलेल्या जावयासारखा फिरत होतो. पण ते आपणहोऊन चेहऱ्याला हात लावत नाही. ज्याला एवढा अभ्यास नको आणि ज्याचे फोटो फोनमध्येच राहणार आहेत, त्यानं गूगलचं स्नॅपसीड वापरावं; ओढा, कापा, उजळ करा, पुरे.

मावशीच्या फोटोत मी तीन गोष्टी केल्या. दाराची चौकट डावीकडं कलली होती ती उभी केली, परसातलं ऊन थोडं उतरवलं, सावली दीड पायरी वर आणली. तेव्हा तिचे डोळे दिसले. ती तांदळाकडं पाहतच नव्हती, उंबऱ्यावरच्या मांजरीकडं पाहत होती. हे मला फोटो काढताना दिसलं नव्हतं. 

मावसभावाला पाठवला. तो म्हणाला, “दादा, तुझ्या त्या सॉफ्टवेअरला तीळ काढता येत नाही का?” मी काही बोलायच्या आत मागून वहिनींचा आवाज आला, “त्यांना म्हणावं, तिळाला हात लावू नका.”

फ्रेम आता वाईला ओटीवर आहे. मावसभाऊ अजून म्हणतो, फोटो छान आहे, फक्त मागची भिंत फार काळी आली आहे. ती चुलीच्या धुरानं काळीच होती.