बाळ ज. पंडित आणि धावत्या वर्णनाची मराठी

मराठी समीक्षेने कादंबरी, नाटक व काव्य यांची कसून चिकित्सा केली. लावणी, पोवाडा आणि ओवी यांसही तिने आपल्या अंगणात मानाचे आसन दिले. परंतु ज्या गद्याने एके काळी घराघरांतील माणसे रेडिओभोवती खिळवून ठेवली, त्या क्रिकेटच्या धावत्या वर्णनाकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी सहसा पाहिले नाही. याचे एक कारण उघड आहे. बोललेले वाक्य हवेत विरते, त्याची आवृत्ती निघत नाही. दुसरे कारण असे की, खेळ ही करमणूक आणि करमणुकीची भाषा ती कसली वाङ्मयीन, असा एक समज आपल्याकडे रुजला आहे. गंमत अशी की अशा वर्णनकारास आपण 'समालोचक' म्हणतो, आणि ग्रंथपरीक्षण करणाऱ्यासही पूर्वीपासून तोच शब्द लावतो. एकाच नावाच्या या दोन भावांची भेट घालून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मराठी समालोचनाची गोष्ट निघाली की पहिले नाव येते ते बाळ ज. पंडित यांचे. १९२९ साली जन्मलेले पंडित महाराष्ट्राकडून रणजी करंडकाचे सामने खेळले, पुढे आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचे वर्णन करू लागले, आणि त्याच विषयावर त्यांनी विपुल ग्रंथलेखनही केले. सप्टेंबर २०१५ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. मैदान, ध्वनिक्षेपक आणि लेखणी अशा तीन ठिकाणी वावरलेली ही कारकीर्द आहे. या तिन्हींत ध्वनिक्षेपकासमोरचे काम आम्हांस वाङ्मयीनदृष्ट्या सर्वांत अवघड वाटते. लेखकास खोडता येते, खेळाडूस दुसऱ्या डावात चूक सुधारता येते. समालोचकास यांपैकी काहीच शक्य नसते.

पंडितांपुढे परंपरा होती ती इंग्रजीची. १९३४ पासून मुंबईत बॉबी तल्यारखान इंग्रजीतून वर्णन करीत, आणि दुसऱ्या कोणास शेजारी न घेता दिवसभर एकटेच बोलत. इंग्लंडात जॉन अरलॉट हे पूर्वायुष्यात पोलिसांत नोकरी केलेले कवी १९४६ च्या हिंदी संघाच्या दौऱ्यापासून समालोचक झाले आणि १९८० पर्यंत बोलत राहिले. त्यांच्या बोलण्याची दखल तेथील साहित्यिकांनी घेतली. ऑस्ट्रेलियात तर १९३८ साली याहून विलक्षण प्रकार घडला. इंग्लंडमधील सामन्याच्या तारा सिडनीच्या स्टुडिओत येत, आणि ॲलन मॅकगिल्व्रे प्रभृती समालोचक त्या त्रोटक मजकुरावरून जणू सामना डोळ्यांसमोर चालला आहे असे वर्णन करीत. बॅटचा आवाज काढण्यासाठी लाकडावर पेन्सिल आपटली जाई. ऐकणाऱ्याच्या मनात मैदान उभे राहते ते शब्दांनी, हे यावरून पुरेसे स्पष्ट व्हावे.

परंतु या मंडळींना शब्द आयते मिळाले होते. मराठी समालोचकास तसे नव्हते. क्रिकेटची सर्व मराठी परिभाषा पंडितांनीच घडविली असे म्हणणे वृत्तपत्रांवर अन्याय करणारे ठरेल. खेळास आपल्या पानांत मानाची जागा देणाऱ्या 'महाराष्ट्र टाइम्स'च्या वि. वि. करमरकरांसारख्या क्रीडासंपादकांचा वाटाही मोठा आहे. तथापि, छापलेला शब्द बोलण्यात चालतो की नाही, याची परीक्षा समालोचकाच्याच जिभेवर झाली.

ही परिभाषा थोडी निरखून पाहण्यासारखी आहे. 'पायचीत', 'धावचीत', 'त्रिफळाचीत' यांतील 'चीत' आला तो कुस्तीच्या आखाड्यातून. पाठ मातीला लागलेला मल्ल म्हणजे चीत. बाद झालेल्यास 'बळी' म्हणताना वेदीची आठवण जागी होते. म्हणजे इंग्रजांच्या या सभ्य खेळास मराठीने आपल्या तालमीचा आणि देवळाचा रंग दिला. कधी मराठी शब्द इंग्रजीहून अधिक सांगतो. फेब्रुवारी १९५९ मध्ये दिल्लीच्या कसोटीत चंदू बोर्डे यांनी वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्या डावात १०९ धावा केल्या, आणि दुसऱ्या डावात ९६ वर असताना गिलख्रिस्टच्या गोलंदाजीवर त्यांच्याच हातून यष्टी पडली. इंग्रजी संज्ञा यष्टीस धक्का लागला एवढेच नोंदविते. 'स्वयंचीत' या एका शब्दात मात्र दोन्ही डावांत शतक करण्याची संधी स्वतःच्याच हातून निसटल्याची सारी हळहळ सामावते. उलट कधी शब्द तोकडा पडतो. 'षटक' म्हणजे सहांचा समूह. पण ऑस्ट्रेलियात १९७८-७९ च्या हंगामापर्यंत आठ चेंडूंचे षटक असे. त्यामुळे १९७७-७८ च्या भारतीय दौऱ्याचे वर्णन मराठीत करू जाणाऱ्यास 'आठ चेंडूंचे षटक' अशी व्याकरणास हसविणारी रचना करावी लागे. तरीही हा शब्द मागे पडला नाही.

तो का टिकला, हा या लेखातील आमच्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे. आम्ही केंद्र सरकारच्या कचेरीत टिप्पणी लिहिणारी माणसे. घडविलेल्या शब्दांशी आमचा रोजचा संबंध. राजभाषेच्या शब्दावलीतील कितीतरी संज्ञा आम्ही फाइलीत बिनचूक लिहितो, आणि खुर्चीवरून उठताच विसरतो. ज्या फेब्रुवारीत बोर्डे दिल्लीत खेळले, त्याच महिन्याच्या ४ तारखेस राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. 'झोतभट्टी' हा शब्द उत्तम आहे, अर्थवाही आहे. परंतु भिलाईतील मराठी कामगाराच्या तोंडी तो कधी बसला नाही. तो 'ब्लास्ट फर्नेस'च म्हणतो. याउलट 'षटकार' कोणी परिपत्रक काढून रुजविला नाही. आमचे उत्तर असे की, शब्द टिकतो तो घटना घडते त्याच क्षणी कानी पडला तर. चेंडू सीमारेषेपार जात असताना, श्वास रोखलेला असताना जो शब्द ऐकला, तो त्या आनंदाला कायमचा चिकटला. कोशातून शब्दाला अर्थ मिळतो. प्रसंगातून त्याला आयुष्य मिळते. पंडित आणि त्यांच्यामागून आलेल्या समालोचकांनी मराठीस हे प्रसंग पुरविले.

शब्दांइतकीच वाक्यरचनेचीही गोष्ट आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते. खेळ तर तितका वेळ थांबत नाही. म्हणून समालोचकाची मराठी क्रियापद टाकते: चेंडू उंच, खाली क्षेत्ररक्षक, आणि झेल! मात्र षटकांच्या मधल्या अवकाशात तीच भाषा पुन्हा पूर्ण वाक्यांवर येते, मागच्या खेळीची आठवण सांगते, खेळपट्टीचा स्वभाव उलगडते. तुटक आणि संथ अशा या दोन लयींमधील ये-जा हे या गद्याचे खरे वैशिष्ट्य होय. आमच्या नवकथाकारांनी लयीचे जे प्रयोग कागदावर केले, त्यांच्या शेजारी हे बोलते गद्य ठेवून पाहण्यास हरकत नसावी.

या भाषेत दोष नव्हते असे नाही. 'यष्टिरक्षक' वृत्तपत्रात शोभला, मैदानावरील पोरांनी मात्र 'कीपर'च म्हटले. संस्कृतचा भार कोठे पेलतो आणि कोठे पेलत नाही, याचा निवाडा समालोचकांना नेहमीच साधला असे नाही. साध्या फटक्यासाठी विशेषणांची रास ओतण्याची खोडही या कलेस जडली.

आता आमच्या सुपेल्याविषयी. रायपूर आकाशवाणी १९६३ पासून येथे हिंदी आणि छत्तीसगढी ऐकविते. मराठी बोलणारे जवळचे केंद्र म्हणजे अडीचशे किलोमीटरांहून दूरचे नागपूर. इंदूरच्या सुशील दोशींची हिंदी ऐकत येथील मराठी मुले क्रिकेट शिकली. दोशींची योग्यता मोठी. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, ते यथायोग्यच झाले. परंतु त्यामुळे आमच्या घरांत आजीशी बोलण्याची मराठी निराळी आणि आनंदाने ओरडण्याची भाषा निराळी, अशी फाळणी झाली. भाषा जगते ती श्राद्धपक्षाच्या आणि गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांवर, असे परप्रांतीय मराठी मंडळे समजतात. आमच्या मते मुलाच्या तोंडून नकळत निघणारा उद्गार ज्या भाषेत असेल, ती त्याची भाषा.

२०२३ च्या आयपीएलमध्ये मोबाइलवर मराठी समालोचन उपलब्ध झाले, आणि केदार जाधव त्या कामावरून उठून थेट बंगळूरच्या संघात खेळावयास गेले. अंतराची अडचण त्यामुळे प्रथमच दूर झाली. सुपेल्यातील मुलासही आता पुण्याच्या मुलाइतक्याच सहज मराठीत सामना ऐकता येतो. मात्र एक फरक आहे. पडद्यावर सारे दिसत असल्याने वर्णनाची निकड उरली नाही, आणि निकड नसली की भाषा सैल होते. गप्पा वाढतात, नेमका शब्द मागे पडतो. पंडितांच्या श्रोत्यास काहीच दिसत नव्हते, म्हणून एकेक शब्द तोलून यावा लागे. नव्या समालोचकांनी ती नेमकेपणाची शिस्त अंगी बाणवावी. त्यासाठी त्यांच्या भाषेचे परीक्षण करणारा कोणी तरी हवा. ग्रंथांची परीक्षणे छापणाऱ्या आमच्या नियतकालिकांनी वर्षातून एखादे पान या बोलत्या गद्यासही द्यावे, अशी आमची संपादकांस विनंती आहे.