राजीनामा आणि जामीनकतबा : पंचायतीविषयींच्या एका मताची परीक्षा

पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं एल्फिन्स्टन साहेबांनीं १८१९ मध्यें लिहिलेला अहवाल हा पंचायतीसंबंधींच्या पुढील बऱ्याच लेखनाचा आधार होय. पंचायतीस आपला हुकूम बजावण्याचें बळ नव्हतें, काम लांबत असे, हे दोष दाखवूनही ती राखावी असेंच त्यांचें मत पडलें. यावरून, जुनी पंचायत म्हणजे वादी-प्रतिवादींची निव्वळ खुषी आणि २०२३ चा मध्यस्थी कायदा हें तिचेंच पुनरुज्जीवन, असें कोणी म्हणतात. हें मत आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

राजानें आपण होऊन वाद उत्पन्न करूं नये, हें मनूचें वचन विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत आधारास घेतलें आहे. वाद आणणें हें पक्षकाराचें काम. परंतु एकदां आवेदन झालें कीं भाषा, उत्तर, क्रिया व साध्यसिद्धि हे चार पाद ठरलेले. तेथें वादीची मर्जी चालत नाहीं.

मराठी अमदानीचे कागद याहून बोलके आहेत. राजीनामा हा शब्द आज नोकरी सोडण्यापुरता उरला आहे. त्या काळीं तो पंच सांगतील तें मान्य करण्याचा लेख होता. त्याच्या जोडीस जामीनकतबा असे. हरणारा येजितखत लिहून देई. जिंकणाऱ्याकडून हरकी व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी सरकारांत जमा होई. डॉ. गुणे यांच्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील १९५३ च्या इंग्रजी ग्रंथांत या कागदांचा विचार आहे. रुकार पक्षकारांचा, पण त्यामागें जामीन व सरकार उभें!

विशेष हें कीं राजीनामा निवाडा कळण्यापूर्वीं दिला जाई. आजच्या मध्यस्थींत पक्षकार तडजोड पाहून मग सही करतो. न पटल्यास उठून जातो. दिवाणी संहितेचें कलम ८९ (२००२ पासून अंमलांत) न्यायालयास प्रकरण तिकडे पाठविण्याची मुभा देतें. व्यापारी दाव्यांत तातडीचा दिलासा मागितला नसेल तर दाव्यापूर्वींची मध्यस्थी २०१८ पासून आवश्यक आहे, व २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही ती सक्तीची ठरविली. परंतु सक्ती बसण्याची. मान्य करण्याची नव्हे. तेव्हां पंचायतीचें नातें शोधावयाचें तर तें मध्यस्थीपेक्षां लवादाशीं अधिक जवळचें आहे, असें आमचें मत.

आमच्या परभणी जिल्ह्यापुरती आणखी एक सावधगिरी हवी. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. एल्फिन्स्टन साहेबांचा अहवाल या मुलखाचा नव्हे, मुंबई सरकारच्या १८२७ च्या कायद्यांचा अंमलही येथें नव्हता. आणि १९०८ ची दिवाणी संहिता येथें आली ती १ एप्रिल १९५१ रोजीं. पुणें प्रांताचे निष्कर्ष गोदातीरास जसेच्या तसे लावणें म्हणजे दुसऱ्याच्या मापानें आपलें धान्य मोजणें होय. पाथरी, जिंतूर, गंगाखेड या बाजूंच्या घरगुती दप्तरांतूनच याचा निकाल लागेल.

संग्राहकांस विनंती इतकीच कीं शिक्कामोर्तबाच्या मोहानें महजर तेवढा उचलून घेऊं नये. त्याच रुमालांतील चिटोऱ्याएवढा जामीनकतबा बाजूस पडला, तर जामीन कोण राहिला आणि कोणापाशीं राहिला, हें मग महजरावरून कळत नाहीं.