मुद्राक्षरांची रचना : लाघव आणि असंदेह

देवनागरी मुद्राक्षरें सध्यां संगणकावर रेखिलीं जातात. त्या कामीं श्रम वांचविण्यासाठीं काना, गांठ, शिरोरेघ इत्यादि अवयव एकदांच रेखावयाचे आणि त्यांच्या संयोगानें बाकीचे वर्ण सिद्ध करावयाचे, अशी पद्धति रूढ आहे. आपल्या संग्रहांतील बखरी व पोथ्या यापुढें याच अक्षरांत छापल्या जाणार. म्हणून या पद्धतीचें परीक्षण अवश्य आहे.

नागरीची घडण या पद्धतीस पुष्कळ अंशीं अनुकूल आहे. ग, त, न, प, स यांचा काना काढला कीं अर्धाक्षर मिळतें. क व फ यांचा काना मध्यें असल्यामुळें तेथें उजवा भाग आंखडावा लागतो. ट, ड, द, ह यांस हा नियम लागूच नाहीं. असे वर्ग आधीं पाडल्यास श्रम खरोखर वांचतात.

परंतु 'व'मध्यें रेघ ओढून 'ब' व 'प'मध्यें ओढून पोटफोड्या 'ष' केला, कीं बारीक छपाईंत पोट भरून जातें. तें मुळांतच किंचित् मोकळें ठेवलें पाहिजे. धातूच्या खिळ्यांच्या काळीं प्रत्येक आकाराचा ठसा पोलादावर स्वतंत्र कोरीत, त्यामुळें असा फेरफार करण्यास अवसर मिळे. जावजी दादाजींच्या निर्णयसागराची कीर्ति राणोजी आरू यांच्या अशा हस्तकौशल्यावर उभी राहिली. आतां बहुधा एकच रेखाटन सर्व आकारांस पुरवितात.

युनिकोडांत मराठी व हिंदी वळणांच्या 'ल'ला एकच संकेतांक आहे, 'श'चेंही तसेंच. म्हणून मराठी वळण निराळें रेखून भाषेशीं जोडावें लागतें. महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं तें प्रमाण ठरविलें असतांही पुष्कळ छापील पुस्तकांत तें आढळत नाहीं. याहून मोठी हानि रेफाची. तयार रेफ सर्वत्र वापरला, तर 'आचाऱ्यास' दिलेली दक्षिणा 'आचार्यास' दिली असें वाचलें जाईल. स्वयंपाकी गुरु होईल, आणि संशोधक त्यावरून भलतेंच अनुमान काढील.

पतंजलींनीं व्याकरणाध्ययनाच्या प्रयोजनांत लाघव व असंदेह हीं शेजारीं शेजारींच सांगितलीं आहेत. अक्षरकारानेंही तोच क्रम पाळावा. व-ब, प-ष, घ-ध, भ-म हीं युग्में आणि वरील दोन शब्द आधीं बारीक आकारांत छापून पाहावे. संदेह उरला नाहीं, तरच अवयवांची काटकसर पुढें चालवावी. जुनीं कागदपत्रें छापविणाऱ्या संपादकांनींही हा नमुना मागितल्याशिवाय अक्षर पसंत करूं नये.