बर्फ पडेपर्यंतची गाणी

हॉलिवूडच्या जुन्या नाताळी संगीतपटांत नाताळ साजरा होताना फार थोडा वेळ दिसतो. बराच वेळ तो नीट होईल की नाही, याचाच घोर लागलेला असतो. ‘व्हाइट ख्रिसमस’मध्ये (१९५४) व्हरमाँटमधल्या रिकाम्या हॉटेलाला बर्फ हवा आहे आणि तो शेवटापर्यंत पडत नाही. ‘मीट मी इन सेंट लुइस’मध्ये (१९४४) बर्फ भरपूर आहे, पण घर सुटणार आहे. हे चित्रपट नुसते गोडगोड आहेत, असे म्हणून त्यांना बाजूला सारणारी समीक्षा मला पटत नाही ती यासाठीच. त्यांचा गोडवा उणिवेतून आलेला आहे, आणि जिथे ती उणीव खरी आहे तिथेच तो आजवर टिकला आहे.

‘हॉलिडे इन’मधल्या (१९४२) ‘व्हाइट ख्रिसमस’ या ज्या गाण्यामुळे ही परंपरा उभी राहिली, ते लिहिणारा अर्व्हिंग बर्लिन रशियन साम्राज्यातून अमेरिकेत आलेल्या ज्यू कुटुंबातला होता. १९२८ च्या नाताळच्या दिवशीच त्याचा तान्हा मुलगा गेला. या गाण्याचा आरंभीचा भाग आता फारसे कोणी गात नाही. त्यातला माणूस लॉस एंजेलिसच्या लख्ख उन्हात बसून उत्तरेकडच्या बर्फाची आठवण काढतो. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा २५ डिसेंबर १९४१ रोजी बिंग क्रॉसबीने ते रेडिओवर प्रथम गायले. पुढे परमुलखात अडकलेल्या सैनिकांनी ते आपलेच मानले. चित्रपटात क्रॉसबी पियानोशी बसून एकाच बाईसाठी ते गातो आणि मध्येच झाडावरच्या घंटांवर पाइपने हलकेच टकटक करतो. दुःख तो आळवत बसत नाही. ‘व्हाइट ख्रिसमस’च्या आरंभी, १९४४ च्या युद्धभूमीवर, तेच गाणे जवानांसमोर येते, तो प्रसंग मला त्याच चित्रपटाच्या भव्य, लालभडक शेवटापेक्षा कितीतरी सरस वाटतो. शेवटी व्हिस्टाव्हिजन तंत्राचा रुंद पडदा भरायचा होता, आणि तो भरलेला दिसतो.

या साऱ्यांत श्रेष्ठ मात्र व्हिन्सेंट मिनेलीचा ‘मीट मी इन सेंट लुइस’. १९०४ च्या जागतिक प्रदर्शनाची वाट पाहणारे स्मिथ कुटुंब, आणि ऐन वेळी वडिलांची न्यू यॉर्कला बदली. नाताळच्या आदल्या रात्री ज्युडी गार्लंड धाकट्या बहिणीला, टूटीला, खिडकीशी गाऊन समजावते. त्या गाण्याचे मूळ शब्द इतके निराश होते की टूटी झालेल्या मार्गारेट ओब्रायनसारख्या लहान मुलीसमोर ते गायला गार्लंडने नकार दिला आणि ह्यू मार्टिनला ते बदलावे लागले. बदलूनही दुःख गेले नाही, ते फक्त सोसण्याजोगे झाले. गाणे संपते आणि टूटी रात्रीच्या कपड्यांतच अंगणात धावत जाऊन बर्फाची माणसे फोडू लागते. ती न्यू यॉर्कला नेता येणार नाहीत, म्हणून दुसऱ्या कुणाला मिळू नयेत. समजुतीच्या गाण्याने समजूत पटली नाही, हे इतक्या उघडपणे दाखवणारा प्रसंग संगीतपटांत दुर्मीळ आहे. वडील निर्णय फिरवतात तो त्या फुटलेल्या बर्फामुळे. म्हणूनच पुढचा आनंद फुकटचा वाटत नाही.

पुन्हा ‘हॉलिडे इन’कडे वळू. त्यात फटाके जमिनीवर आपटत फ्रेड अस्टेअर नाचतो, तेव्हा कॅमेरा त्याला नखशिखांत चौकटीत ठेवतो. पायांची करामत संकलकाची नव्हे, नर्तकाची आहे हे दिसते. पण याच चित्रपटात लिंकनच्या जयंतीला क्रॉसबी तोंडाला काळा रंग फासून गातो. दूरचित्रवाणीवर तो भाग अनेकदा गाळला जातो. तो काळच तसा होता, एवढे म्हणून हे माफ होत नाही. घराच्या ओढीची गाणी गाणाऱ्या या चित्रपटांनी ते घर कोणाचे मानले, हे तिथे स्पष्ट होते.

२०२० च्या ‘जिंगल जँगल’ने त्या घरात कृष्णवर्णीय कुटुंबाला मध्यभागी बसवले, हे फार मोलाचे झाले. फॉरेस्ट व्हिटेकरच्या खेळणीकाराचे दुःखही खरे आहे. तरी ते दुःख जरा कुठे स्थिरावते न स्थिरावते, तोच गर्दी आणि संगणकी झगमगाट धावून येतो. नव्या नाताळी संगीतपटांना शांततेचे भय वाटते, असे मला वारंवार जाणवते.

हे भय जुनेच आहे. ‘द मपेट ख्रिसमस कॅरोल’मध्ये (१९९२) स्क्रूजची प्रेयसी त्याला सोडून जाताना एक गाणे गाते. मुलांना ते कंटाळवाणे होईल, म्हणून चित्रपटगृहांतल्या आवृत्तीतून ते कापले. शेवटी सगळे मिळून गातात ते गाणे याच विरहगीताचे उत्तर आहे. त्यामुळे कापलेल्या आवृत्तीत उत्तर तेवढे राहिले, प्रश्न गेला. २०२२ मध्ये ते गाणे असलेली पूर्ण आवृत्ती प्रेक्षकांना पुन्हा मिळाली. ती पाहावी, मायकेल केनचा स्क्रूज अखेरीस इतक्या मोकळेपणाने का गातो, ते तिच्यातच कळते.